पोटरीतील गोळा आणि दुकानातील गोळी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात वाताचे ऐंशी नानात्मज विकार गणले आहेत. नखभेदापासून आरंभ होणाऱ्या त्या गणनेत पायाच्या विकारांच्या ओळीत पिंडिकोद्वेष्टन येते. पिंडिका म्हणजे पोटरी आणि उद्वेष्टन म्हणजे पिळवटणे. आपल्या मराठवाड्यात यालाच कोणी गोळा येणे म्हणतो, कोणी वांब येणे, कोणी पेटका. शास्त्रातील नाव आणि बोलीतील नाव यांचा इतका नेमका मेळ क्वचितच आढळतो. मात्र या मेळाचाच एक तोटा झाला आहे. रुग्णाने ‘गोळा येतो’ म्हणावे, वैद्याने मनात ‘वात’ म्हणावे आणि औषधी दुकानदाराने फळीवरून वातघ्न गोळ्यांची डबी काढावी, हा क्रम इतका सवयीचा झाला आहे की गोळा केव्हा येतो, कोणास येतो आणि कशाने सुटतो, हे प्रश्न मध्येच गळून पडतात. या गळालेल्या प्रश्नांविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे.

निमित्त ट्रायथलॉनचे आहे. बिलोली हे ट्रायथलॉनचे गाव नव्हे, हे आम्ही जाणतो. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन प्रकार मध्ये विश्रांती न घेता ओळीने पार पाडावयाचे, अशी ही स्पर्धा. २००० साली सिडनी येथील ऑलिंपिकमध्ये तिला प्रथम स्थान मिळाले. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात पणजीजवळ मिरामार येथे आयर्नमॅन ७०.३ या नावाची स्पर्धा झाली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, असे तिचे स्वरूप. पूर्ण आयर्नमॅनचे अंतर याच्या दुप्पट असते. आपल्या मिलिंद सोमण यांनी वयाच्या पन्नाशीत, २०१५ साली, झुरिच येथे ते पूर्ण केले, तेव्हापासून महाराष्ट्रात या स्पर्धेचे नाव घरोघरी पोहोचले. पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरी करणारे आपल्या तालुक्यातील तरुण आता सणावाराला गावी आले की कुंडलवाडीच्या रस्त्यावर पहाटे धावताना दिसतात आणि परत जाण्यापूर्वी वैद्याकडे येऊन विचारतात, ‘सायकलवरून उतरून धावायला लागलो की पोटरीत गोळा येतो, काही चूर्ण द्या.’ त्याच रस्त्यावर पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारी मुलेही असतात. त्यांचा प्रश्नही तोच असतो. फरक इतकाच की त्यांच्याजवळ महागडे बूट नसतात.

या प्रश्नाला फार वर्षे एकच उत्तर दिले गेले : घाम गेला, मीठ गेले, म्हणून गोळा आला. हे उत्तर निराधार नाही. १९२३ साली इंग्लंडमध्ये मॉस यांनी उष्ण खाणीत काम करणाऱ्या कोळसा कामगारांचा अभ्यास केला. भरपूर घाम गाळून नुसते पाणी पिणाऱ्या या कामगारांना तीव्र पेटके येत आणि मिठाचे पाणी दिले की ते शमत. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेतील हूवर धरणाच्या बांधकामावरील मजुरांतही हाच अनुभव आला. बिलोली परिसरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात वीटभट्टीवर किंवा रस्त्याच्या कामावर दिवसभर राबून रात्री दोन्ही पायांत, कधी पोटात व हातांतही गोळे घेऊन येणारा मजूर हा त्या खाणकामगाराचाच भाऊबंद आहे. त्यास मीठ, पाणी आणि सावली हीच चिकित्सा होय. आपल्या ग्रंथकारांनाही हे दृश्य अपरिचित नव्हते. सुश्रुतांनी विसूचिकेच्या लक्षणांत तृष्णा, भ्रम, दाह यांच्यासह उद्वेष्टन सांगितले आहे. जलधातू व लवण झपाट्याने निघून गेले की पोटऱ्या पिळवटतात, हे निरीक्षण पटकीच्या साथी पाहिलेल्या वैद्यांचे आहे.

पण ट्रायथलॉनमधील धावपटूचा गोळा या साच्यात बसत नाही. दक्षिण आफ्रिकेतील श्वेलनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली आयर्नमॅन स्पर्धेतील २१० स्पर्धकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४३ जणांना स्पर्धेत किंवा स्पर्धेनंतर लगेच पेटके आले. स्पर्धेपूर्वी आणि नंतर सर्वांचे वजन घेतले, रक्त तपासले. ज्यांना पेटके आले आणि ज्यांना आले नाहीत त्यांच्या शरीरातील पाण्याच्या घटीत किंवा रक्तातील सोडियमच्या बदलात कारण म्हणून बोट ठेवावे असा फरक सापडला नाही. फरक सापडला तो दोन गोष्टींत. पेटके आलेले स्पर्धक अधिक वेगाने गेले होते, आणि त्यांना पूर्वीही पेटके येत असत. त्यांची तयारी मात्र इतरांहून अधिक नव्हती. आकांक्षा मोठी, तयारी तेवढीच आणि स्नायूंनी मध्येच केलेला असहकार, असा याचा सरळ अर्थ.

आणखी एक साधी गोष्ट ध्यानी घ्यावी. गोळा आलेल्या पोटरीचा पाय सरळ करून चवडा आपल्याकडे ओढून धरला की गोळा बहुधा मिनिटभरात सुटतो. ताण दिल्याने शरीरात मिठाचा एक कणही वाढत नाही. मग सुटले काय? आजचे शारीरक्रियाविज्ञान असे सांगते की थकलेल्या स्नायूत आकुंचनाची आज्ञा देणारे संवेदन वाढते आणि कंडरेतून येणारे आवर घालणारे संवेदन घटते. ताण दिला की कंडरेतील हे आवर घालणारे संवेदन पुन्हा जागे होते. स्नायू आधीच आखडलेल्या स्थितीत असताना त्यास पुन्हा आकुंचन करावे लागले तर हा तोल लवकर बिघडतो. पोहताना पायाचा पंजा मागे ताणलेला असतो आणि पोटरी आखूड असते. तशाच स्थितीत पाय मारत राहावे लागते. सायकलवर मांडीचे स्नायू तासन्तास एका ठरावीक मर्यादेतच हलतात. तेथून उतरून धावायचे म्हणजे त्याच थकलेल्या स्नायूंना एकाएकी निराळ्या लांबीवर काम सांगणे होय. पोटरी, मांडीचा मागचा भाग आणि मांडीचा पुढचा सरळ स्नायू हे दोन सांध्यांवरून जाणारे स्नायूच बहुधा पकडले जातात. सर्वांगात मीठ कमी पडले असते तर गोळा नेमका राबलेल्या स्नायूतच का यावा, या प्रश्नास लवणक्षयाच्या मताकडे समाधानकारक उत्तर नाही.

वाद मिटला आहे असे मात्र म्हणता येत नाही. काही टेनिसपटू व अमेरिकन फुटबॉल खेळाडू यांच्या घामात मीठ फार जाते आणि त्यांना मीठ वाढवून गुण येतो, अशीही निरीक्षणे आहेत. २०१० साली मिलर यांनी केलेला प्रयोग तर दोन्ही पक्षांना विचारात पाडणारा आहे. त्यांनी पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या साहाय्याने पेटका आणला आणि खारवलेल्या काकडीच्या बरणीतील आंबट-खारे पाणी थोडेसे पाजले. पेटका सरासरी दीड मिनिटाच्या आत सुटला. साधे पाणी पाजले तेव्हा अधिक वेळ लागला. इतक्या अल्पावधीत ते मीठ रक्तात उतरणे शक्य नव्हते. म्हणजे तीव्र आंबट-खारट चवीने मुख व कंठातून निघालेल्या संवेदनाने मज्जेतील उत्तेजना शमली असावी, असे अनुमान निघाले. रसाचे कार्य जिव्हेशी संयोग होताच सुरू होते, हे ज्यांनी शिकले आहे त्यांना यात नवल वाटू नये. तथापि ‘आमच्या ग्रंथांत हे आधीच होते’ अशी टाळी वाजविण्याचीही घाई नको. उत्तरकालीन संग्रहग्रंथांत खल्लीसाठी कुष्ठ, सैंधव, चुक्र व तैल यांचा जो योग येतो तो मर्दनासाठी आहे, पिण्यासाठी नव्हे. साम्य मोहक असले तरी ते साम्यच आहे, पुरावा नव्हे.

आता शास्त्राकडे वळू. चरकांनी वातव्याधीच्या अध्यायात वातप्रकोपाच्या दोन वाटा सांगितल्या : धातुक्षय आणि मार्गावरोध. त्याच अध्यायात पाय, जंघा, मांडी व हाताचे मूळ पिळवटणारी खल्ली सांगितली आहे. व्यायामाच्या संदर्भात मात्र वैद्यास अधिक उपयोगी वचन वाग्भटांचे आहे. बलवान आणि स्निग्ध भोजन करणाऱ्या पुरुषानेही व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, तोही शीतकाळी व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून मंद. जो मर्यादा सोडून व्यायाम, जागरण, प्रवास करतो तो हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असा दृष्टांतही तेथेच आहे. अर्धी शक्ती म्हणजे किती, याचे मोजमाप स्पर्धेच्या वेळापत्रकात मिळत नाही. ते त्या व्यक्तीच्या अभ्यासाने ठरते. आज पाच किलोमीटर धावून ज्याचा श्वास तोंडावर येतो, त्याची अर्धी शक्ती सहा महिन्यांनी निराळी असेल. आयर्नमॅनच्या अभ्यासात जे दिसले ते या कसोटीला धरूनच आहे : स्वतःच्या अभ्यस्त शक्तीपलीकडचा वेग. म्हणून धावपटूच्या पिंडिकोद्वेष्टनाचे निदान लिहिताना ‘वात’ हे उत्तर नव्हे, ती केवळ सुरुवात आहे. वात कोणत्या वाटेने कोपला, हा प्रश्न वैद्याचा आहे. तो विचारला नाही तर आपण आणि दुकानातील पोऱ्या यांत भेद काय राहिला?

ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावा लागला, ती कुचल्याची आहे. पोटरीत गोळा, मांडीत अशक्तपणा, नसांची कमजोरी अशा कोणत्याही तक्रारीवर विषतिंदुकादि वटी किंवा अग्नितुंडी वटी देण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. कुपीलू हे श्रेष्ठ द्रव्य आहे आणि योग्य रुग्णात, योग्य मात्रेत ते आम्हीही वापरतो. परंतु त्यातील स्ट्रिक्नीन नेमके काय करते? पृष्ठमज्जेत ग्लायसीन नावाचे जे द्रव्य स्नायूंच्या उत्तेजनेस आवर घालते, त्याचे कार्य ते रोखते. आवर गेला की थोड्या संवेदनानेही स्नायू आकुंचन पावतात. अतिमात्रेत हेच आक्षेपाचे रूप घेते. म्हणजे थकव्याने ज्याचा आवर आधीच ढिला झाला आहे, अशा स्नायूसाठी आपण तो आवर आणखी ढिला करणारे द्रव्य देत आहोत. शोधनाने कुपीलूतील स्ट्रिक्नीन घटते, नाहीसे होत नाही. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्स यास त्याच्या साथीदारांनी वाटेत अंड्याचा पांढरा बलक व ब्रँडीबरोबर स्ट्रिक्नीन पाजले होते. उन्हात तो कसाबसा अंतिम रेषेपर्यंत आणला गेला आणि तेथे कोसळला. त्या काळी हे बक्षिसास पात्र ठरले.

आज ते ठरत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळात निषिद्ध असलेल्या उत्तेजकांत स्ट्रिक्नीनचे नाव आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये किरगिझस्तानचा भारोत्तोलक इझ्झत आर्तिकोव्ह याचे ६९ किलो गटातील कांस्यपदक याच द्रव्यामुळे काढून घेण्यात आले. आपल्या तालुक्यातील एखादी मुलगी उद्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तिच्या मूत्राची तपासणी झाली आणि त्यात स्ट्रिक्नीन सापडले, तर ‘वैद्यबुवांनी पायाच्या गोळ्यासाठी दिलेली वटी’ हे स्पष्टीकरण तिला वाचवू शकणार नाही. खेळाडूच्या शरीरात जे सापडते त्याची जबाबदारी खेळाडूचीच, असा त्या नियमांचा दंडक आहे. वर्षानुवर्षांची मेहनत एका डबीने जावी, आणि ती डबी आपण दिलेली असावी, याहून लाजिरवाणी गोष्ट वैद्यास कोणती? सोमलतेतील इफेड्रिनही ठरावीक प्रमाणापलीकडे स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. ‘वनस्पतीजन्य, म्हणून निर्धोक’ हे वाक्य खेळाडूसमोर उच्चारू नये.

औषधी दुकानदार बंधूंना येथे स्वतंत्रपणे सांगावयाचे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील ई (१) या परिशिष्टात आयुर्वेदातील विषवर्गीय द्रव्यांची यादी आहे. तीत कुपीलू आहे, वत्सनाभ आहे. ही द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना बारीक अक्षरांत असते हे खरे, परंतु ती दुकानदाराने वाचण्यासाठीही आहे. वातविध्वंस रस वत्सनाभयुक्त आहे. वत्सनाभाची मात्रा चुकली तर हृदयाची लय बिघडते. उन्हात तासभर धावून आलेल्या, घामाने निथळलेल्या तरुणाच्या हातात अशी डबी चिठ्ठीशिवाय देऊ नये. गोळ्यावर गोळी हा शब्दखेळ कानाला गोड लागतो, पण चिकित्सा म्हणून तो चालणार नाही. याबाबत आधुनिक औषधांकडे बोट दाखवून सुटका करून घेता येत नाही. पायाच्या पेटक्यांसाठी क्विनीन वर्षानुवर्षे सर्रास दिले जात असे. रक्तातील बिंबिका घटण्यासारख्या गंभीर दुष्परिणामांमुळे १९९४ साली अमेरिकेत या कारणासाठी त्याची चिठ्ठीविना विक्री बंद करण्यात आली. सोय म्हणून दिलेले औषध सवय होते आणि सवय मोडावयास कायदा लागतो, हा अनुभव दोन्ही शास्त्रांचा आहे.

मग त्या तरुणास द्यावे काय? प्रथम, प्रश्न. गोळा स्पर्धेच्या कोणत्या टप्प्यात येतो? सरावात येतो की केवळ स्पर्धेत? आदल्या रात्री झोप झाली होती काय? सायकलची बैठक किती उंच आहे? (हा प्रश्न विचारणारा वैद्य आम्ही अद्याप पाहिला नाही, पण बैठक अयोग्य असेल तर पाय अकारण ताणला वा आखडला जातो.) गोळा एकाच स्नायूत आणि वेग वाढविल्यावर येत असेल तर उत्तर सरावात आहे : सायकलवरून उतरून लगेच धावण्याची सवय थोड्या थोड्या अंतराने करणे, वेग हळूहळू वाढविणे, पोटरी व मांडीच्या स्नायूंचे बल वाढविणे. अभ्यंगास आम्ही येथे मानाचे स्थान देतो. बला तैल किंवा महानारायण तैलाने सरावाच्या दिवसांत नित्य केलेले अभ्यंग स्नायूंचा ताठरपणा व थकवा कमी करते, आणि त्यास कोणत्याही तपासणीचे भय नाही. आहारात तूप, दूध, मूग, तांदूळ, गूळ असावा. स्पर्धेच्या पहाटे रिकाम्या पोटी नवे चूर्ण सुरू करू नये.

ज्यास मात्र घामाने अंगावरच्या सदऱ्यावर पांढरे डाग उमटतात, उष्म्यात काही तास घालवल्यावर निरनिराळ्या स्नायूंत गोळे येतात, त्यास लवणयुक्त पेय अवश्य द्यावे. सैंधव घातलेले ताक, लिंबाचे सरबत, भाताची पेज ही आपल्या घरची पेये आहेतच. दुकानात मिळणाऱ्या जलसंजीवनीच्या पुड्याचे २००२ सालापासूनचे जागतिक प्रमाण लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ व १३.५ ग्रॅम ग्लुकोज असे आहे. पुडा लिटरभर पाण्यातच घालावा हे ग्राहकास तोंडी सांगावे. ‘जितके पाणी प्याल तितके चांगले’ हा सल्ला तर सर्वथा टाळावा. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम घटलेले आढळले, आणि धावताना ज्यांचे वजन वाढले होते, म्हणजे ज्यांनी गरजेपेक्षा अधिक पाणी प्यायले होते, त्यांस हा धोका विशेष होता. अशा धावपटूस मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा ही लक्षणे येतात. त्यास ‘पाणी कमी पडले’ समजून आणखी पाणी पाजणे प्राणघातक ठरू शकते.

काही गोळे मुळी स्पर्धेचे नसतातच. ठरावीक अंतर चालले की पोटरी दुखते आणि थांबले की बरी होते, असे सांगणारा तंबाखू खाणारा वा विडी ओढणारा पन्नाशीचा गृहस्थ हा रक्तवाहिनीच्या अवरोधाचा रुग्ण असण्याची शक्यता आधी तपासावी. मार्गावरोध हा शब्द येथे अक्षरशः लागू पडतो. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या किंवा कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांना त्या औषधांमुळेही गोळे येतात. एकाच पायाला सूज, उष्णता व वेदना असेल तर मर्दन मुळीच करू नये. गुठळी असू शकते. आणि अतिश्रमानंतर स्नायू दुखून लघवी काळसर चहासारखी होऊ लागली तर तो स्नायू फुटल्याचा व वृक्क धोक्यात असल्याचा संकेत आहे. अशा धावपटूस अभ्यंग, वटी वा काढा यांत एक तासही न दवडता नांदेडला पाठवावे.

संघटनेस आमची एक विनंती आहे. पुढील उन्हाळ्यापूर्वी बिलोली, धर्माबाद व देगलूर तालुक्यांतील वैद्यांनी गोळ्याच्या प्रत्येक रुग्णाची नोंद एका साध्या तक्त्यात ठेवावी : वय, काम, ऊन किती, कोणता स्नायू, ताण दिल्याने सुटला की मिठाने, चालू औषधे कोणती. मजूर आणि धावपटू यांची नोंद निरनिराळ्या रकान्यांत असावी. नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील कायचिकित्सा विभागाकडे हे तक्ते एकत्र देता येतील. औषधी दुकानदारांनी त्याच काळात कुपीलू व वत्सनाभयुक्त योगांच्या डब्या मागच्या फळीवर ठेवाव्यात आणि चिठ्ठी पाहिल्याखेरीज त्या खाली काढू नयेत.